बेल्ट-पुलीच्या सिम्युलेशनमध्ये घसरण जुळत नसेल, तर घर्षणगुणांक बदलण्याआधी काय तपासावे

जळगावच्या डाळमिलमधील एलिव्हेटर असो, चोपडा-जामनेर भागातील जिनिंगचा पंखा असो किंवा गावातील पिठाची गिरणी असो, बेल्ट-ड्राइव्हचे सिम्युलेशन करणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. मॉडेलमधील यंत्राच्या पुलीचे फेरे टॅकोमीटरवरील, म्हणजे फेरे मोजणाऱ्या उपकरणावरील, आकड्याशी जुळत नाहीत. मग घर्षणगुणांक, म्हणजे म्यू, थोडा वरखाली केला जातो, आकडा जुळतो आणि अहवाल पूर्ण होतो. पुढे डाळीचा प्रकार बदलला, भार वाढला किंवा मोटार थोडी मागे ओढली की तेच मॉडेल पुन्हा चुकते आणि म्यूला पुन्हा हात लागतो. गिरणीत बेल्ट घसरला की मिस्त्री आधी राळ लावतो आणि ताण नंतर पाहतो. मॉडेल करणाऱ्याचे म्यूशी वागणे त्याच वळणाचे आहे.

माझ्या मते या तक्रारीत म्यूचा दोष बहुतेक वेळा नसतोच. बेल्ट नीट चालत असताना त्याची नैसर्गिक सरक एक टक्क्याच्या आसपास असते, आणि मॉडेलमध्ये निष्काळजीपणे घेतलेली तीन गृहीतके प्रत्येकी एक ते तीन टक्क्यांची चूक आणतात. ही चूक काढून टाकल्याशिवाय म्यूला हात लावणे म्हणजे काटा शून्यावर न आणता माल तोलणे होय.

पुढील सर्व हिशेबांसाठी एकच उदाहरण घेऊ. मोटार मिनिटाला १४४० फेऱ्यांची असून ती ३.७ किलोवॉट शक्ती पुलीवर देत आहे. मोटारीची पुली १२५ मि.मी., यंत्राची पुली ३७५ मि.मी. आणि दोन्ही शाफ्टच्या केंद्रांमधील अंतर ७०० मि.मी. आहे. बेल्ट सपाट, ५ मि.मी. जाड आणि मीटरला ०.३ किलो वजनाचा आहे. त्याचा ताठरपणा, म्हणजे स्थितिस्थापकतेचा गुणांक गुणिले छेदाचे क्षेत्रफळ, ४०,००० न्यूटन आहे. सुरुवातीचा ताण ७०० न्यूटन आणि म्यू ०.३ धरला आहे.

पहिली चूक जाडीची

बहुतेक जण ३७५ भागिले १२५ म्हणजे ३ असे गुणोत्तर घेतात आणि यंत्राची पुली ४८० फेरे फिरेल असे धरतात. परंतु पुलीवर वळताना बेल्टचा बाहेरचा थर ताणला जातो, आतला दबतो, आणि ज्या मधल्या थराची लांबी बदलत नाही त्याचीच त्रिज्या वेग ठरवते. साध्या एकजिनसी सपाट बेल्टमध्ये हा थर जाडीच्या मध्यावर असतो. दोऱ्यांचा थर असलेल्या बेल्टमध्ये तो दोऱ्यांपाशी असतो. आपल्या उदाहरणात परिणामी व्यास १३० आणि ३८० मि.मी. होतात, म्हणून घसरण मुळीच नसताना यंत्राची पुली १४४० गुणिले १३० भागिले ३८०, म्हणजे सुमारे ४९२.६ फेरे फिरायला हवी. म्हणजे टॅकोमीटरवर ४८० दिसल्यावर "बेल्ट अजिबात घसरत नाही" असे म्हणणारा माणूस प्रत्यक्षात २.६ टक्के घसरणीकडे पाहत असतो. ज्याच्या मॉडेलमध्ये जाडी आहे पण पडताळणीच्या हिशेबात नाही, त्याला नेमका उलटा घोळ दिसतो.

मोटारीचे १४४० फेरेही प्लेटवरून घेऊ नयेत. इंडक्शन मोटारीचा वेग भाराबरोबर कमी होतो आणि तो बदल बेल्टच्या खात्यात जमा होतो. दोन्ही पुल्यांचे फेरे एकाच वेळी मोजावेत. त्याहून चांगले म्हणजे यंत्र रिकामे चालवून गुणोत्तर मोजावे, मग भार टाकून पुन्हा मोजावे आणि केवळ फरक विचारात घ्यावा. रिकामे असताना दोन्ही बाजूंचे ताण जवळजवळ सारखे असल्याने जाडीचा प्रश्न त्या पहिल्या मोजमापातच निघून जातो.

दुसरी चूक संपर्काच्या स्प्रिंगची

बेल्टचे छोटे तुकडे करून प्रत्येक नोड, म्हणजे तुकडे जोडणारा बिंदू, पुलीच्या पृष्ठभागावर ताठर स्प्रिंगने टेकवण्याची पद्धत सर्वत्र वापरली जाते. नोड पुलीत जितका रुतेल तितके बल त्याला बाहेर ढकलते. ही पद्धत सोयीची आहे, परंतु रुतण्याची खोली परिणामी त्रिज्येतून वजा होते, याकडे फारसे कुणी पाहत नाही.

उदाहरणातील बेल्टचा वेग सेकंदाला ९.८ मीटर येतो, त्यामुळे ३.७ किलोवॉटसाठी दोन्ही बाजूंच्या ताणांतील फरक सुमारे ३७८ न्यूटन लागतो. सुरुवातीच्या ७०० न्यूटनमध्ये या फरकाचा निम्मा भाग मिळवून ताणाची बाजू ८८९ आणि वजा करून सैल बाजू ५११ न्यूटन होते. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग हा केंद्रोत्सारी भाग सुमारे २९ न्यूटन असून तो पुलीवर दाब देत नाही, म्हणून वजा करावा लागतो. नोडमधील अंतर १० मि.मी. धरल्यास मोटारीच्या पुलीवर बेल्ट चढतो तिथे प्रत्येक नोडचा दाब ८६० भागिले ०.०६५ गुणिले ०.०१, म्हणजे सुमारे १३२ न्यूटन येतो. संपर्काची स्प्रिंग मीटरला एक लाख न्यूटनची ठेवली तर नोड १.३ मि.मी. रुततो, आणि ६५ मि.मी. त्रिज्येच्या मानाने ही २ टक्के चूक आहे. यंत्राच्या मोठ्या पुलीवर बेल्ट सैल ताणाने चढत असल्याने तिथे रुतणे अवघे पाव मि.मी. असते. त्यामुळे दोन्ही चुका एकमेकींना खोडत नाहीत आणि यंत्राच्या पुलीचा वेग घर्षणाशी काडीचाही संबंध नसताना १.९ टक्क्यांनी कमी दिसतो.

स्प्रिंग मऊ ठेवण्यामागे टाइम-स्टेप, म्हणजे हिशेबातील वेळेचे एक पाऊल, मोठा मिळावा असा हेतू असतो. तो हिशेबही इथे फसवा आहे. बेल्टच्या लांबीतून जाणाऱ्या ताणलहरीचा वेग ४०,००० भागिले ०.३ याचे वर्गमूळ, म्हणजे सेकंदाला सुमारे ३६५ मीटर आहे. नोडमधील १० मि.मी. अंतर ओलांडायला तिला २७ मायक्रोसेकंद लागतात, आणि एक्सप्लिसिट पद्धतीत, म्हणजे पुढची स्थिती थेट आधीच्या स्थितीवरून काढताना, टाइम-स्टेप त्याहून लहान ठेवावाच लागतो. आता संपर्काची स्प्रिंग शंभरपट ताठर, म्हणजे मीटरला एक कोटी न्यूटन केली, तर ३ ग्रॅमच्या नोडसाठी तिची मर्यादा ३५ मायक्रोसेकंद येते. ताणलहरीच्या मर्यादेपेक्षा ती सैलच आहे. म्हणजे मऊ स्प्रिंगने वेळ काहीच वाचत नव्हता, उत्तर मात्र बिघडत होते. ताठर स्प्रिंगमुळे नोड पुलीवर चढताना आदळून थरथरतो. त्यासाठी संपर्कात थोडे अवमंदन, म्हणजे थरथर शमवणारे बल, द्यावे.

याच ठिकाणी दिसणारी आणखी एक गोष्ट अशी की ताणाच्या आलेखावर ९८० हर्ट्झची सुबक लहर येते आणि ती बेल्टची खरी कंपने समजून अहवालात छापली जाते. ९.८ मीटर वेग भागिले १० मि.मी. अंतर हाच तो आकडा आहे. नोडमधील अंतर निम्मे केल्यावर लहरीची वारंवारता दुप्पट झाली, तर ती बेल्टची नसून नोडच्या जाळीची आहे.

तिसरी आणि सर्वांत त्रासदायक चूक: शून्य वेगापाशी घर्षण कसे लिहिले आहे

कूलॉम्बचे घर्षण जसेच्या तसे, म्हणजे वेगाच्या चिन्हावर बलाची दिशा पालटणारे, लिहिले तर थांबलेली पुली मॉडेलमध्ये डावी-उजवी थरथरत राहते. हे टाळण्यासाठी चिन्हाच्या जागी हायपरबोलिक टँजंटसारखे गुळगुळीत फलन वापरतात. त्यात एक संदर्भवेग द्यावा लागतो. सापेक्ष वेग त्याच्या दोन-तीन पट झाल्याशिवाय घर्षण पूर्ण जोरात येत नाही. हा संदर्भवेग पुष्कळदा सेकंदाला ०.१ मीटर असा सहज टाकलेला असतो.

तो आकडा मोठा का, हे समजण्यासाठी बेल्ट पुलीवर नेमके काय करतो ते पाहावे लागते. मोटारीच्या पुलीवर बेल्ट ८८९ न्यूटनने ताणलेला चढतो आणि ५११ न्यूटनवर उतरतो. ताण कमी होतो तसा तो आखडतो, आणि आखडताना पुलीच्या मागे पडतो. यंत्राच्या पुलीवर तो सैल चढतो, ताणला जाऊन उतरतो आणि पुलीच्या पुढे सरकतो. या सरकेला क्रीप म्हणतात. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८७४ मध्येच तिचे स्पष्टीकरण मांडले होते. तिचे प्रमाण ताणांतील फरक भागिले ताठरपणा, म्हणजे ३७८ भागिले ४०,०००, सुमारे ०.९५ टक्के. यंत्राची पुली ४९२.६ ऐवजी ४८८ फेरे फिरते आणि सुमारे ३५ वॉट उष्णता होते. यात बिघाड काहीच नाही. सपाट बेल्ट शक्ती वाहतो तो असाच.

आता महत्त्वाचा भाग. हे सरकणे पुलीच्या संपूर्ण वेढ्यावर होत नाही. बेल्ट चढतो त्या बाजूचा काही कंस पुलीला चिकटून चालतो आणि उतरण्याच्या बाजूचा कंसच सरकतो. दोन्ही पुल्यांवर सरकता कंस उतरतीकडेच असतो. मॉडेलमध्ये तो चढतीकडे दिसला तर घर्षणाच्या दिशेचे चिन्ह कुठेतरी उलटे पडले आहे आणि बाकीची तपासणी तिथेच थांबवून ते आधी दुरुस्त करावे. सरकत्या कंसाचा कोन म्हणजे ताणांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिथम भागिले म्यू. केंद्रोत्सारी भाग वजा करून ८६० भागिले ४८२ म्हणजे १.७८, त्याचा लॉगॅरिथम ०.५८, आणि कोन सुमारे १११ अंश. मोटारीच्या पुलीवरचा वेढा १५९ अंशांचा असल्याने ४८ अंश चिकटलेले शिल्लक राहतात. हे शिल्लक अंश संपले की बेल्ट खऱ्या अर्थाने घसरतो. माझ्या दृष्टीने सबंध सिम्युलेशनमधून काढण्याजोगा सर्वांत उपयोगी आकडा हाच आहे, आणि तो अहवालात जवळजवळ कधीच नसतो.

क्रीपमधील सापेक्ष वेग ९.८ मीटरच्या ०.९५ टक्के, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ०.०९३ मीटर आहे आणि तोही अगदी उतरतीच्या टोकाला. संदर्भवेग ०.१ असेल तर पूर्ण घर्षण कुठल्याच नोडवर कधीच लागत नाही. चिकटलेला कंस नाहीसा होतो, सगळा वेढा थोडा थोडा सरकू लागतो आणि मॉडेल क्रीपच्या वर स्वतःची घसरण जोडते. ती भरून काढण्यासाठी म्यू वाढवला जातो आणि मग खरी घसरण ज्या भारावर सुरू व्हायला हवी त्याच्या पुष्कळ पुढे ती सुरू होते. भार बदलताच मॉडेल चुकते, या मूळ तक्रारीचे कारण बहुधा येथेच सापडते.

संदर्भवेग ०.०१ केला तर उत्तर सुधारते, पण घर्षणाचा उतार इतका तीव्र होतो की आपल्या ३ ग्रॅमच्या नोडला सुमारे दीड मायक्रोसेकंदाचा टाइम-स्टेप लागतो. शिवाय स्थिर स्थितीतील दोष कायम राहतो. याची एक सोपी चाचणी आहे. कुलूपबंद पुलीवरून अर्धा वेढा देऊन दोर टाकावा, एका टोकाला २० किलो आणि दुसऱ्या टोकाला १० किलो वजन बांधावे. म्यू ०.३ असताना अर्धा वेढा २.५७ पर्यंतचे गुणोत्तर पेलतो, इथे ते २ आहे. दोर हलता कामा नये. गुळगुळीत फलनाच्या मॉडेलमध्ये मात्र समतोल साधण्यासाठी त्याला संदर्भवेगाच्या ०.९४ पट वेगाने सरकावेच लागते. संदर्भवेग ०.०१ असताना मिनिटाभरात वजन अर्ध्या मीटरहून अधिक खाली येते. लिफ्ट, क्रेन किंवा विहिरीवरचा दोर अशा कामासाठी हे मॉडेल चालणार नाही.

यावरचा योग्य उपाय म्हणजे संपर्काला स्पर्शरेषेच्या दिशेनेही एक स्प्रिंग देणे. नोड टेकला त्या बिंदूपासून तो किती ढळला ते लक्षात ठेवावे, त्या प्रमाणात बल द्यावे आणि बल म्यू गुणिले दाब या मर्यादेला पोहोचले की बिंदूला सोबत सरकू द्यावे. मीटरला दहा लाख न्यूटनची स्प्रिंग घेतल्यास आपल्या नोडला पूर्ण घर्षणापर्यंत पोहोचायला ०.०४ मि.मी. पुरतात, टाइम-स्टेपवर नवे बंधन येत नाही आणि वरच्या चाचणीतील दोर किंचित ताणून जागीच थांबतो. घर्षणाची डाल यांचे १९६८ चे मॉडेल आणि १९९५ मधील लुग्रे मॉडेल ही दोन्ही याच कल्पनेची अधिक बारीक रूपे आहेत. नेहमीच्या बेल्टसाठी साधी स्प्रिंग पुरते. ताठर दोऱ्यांच्या आधुनिक बेल्टमध्ये रबराचा थर कातरबलाने तिरका होणे हा परिणाम लांबीच्या ताणापेक्षा मोठा असतो, हे फरबँक यांनी १९७० मध्ये दाखवले. अशा बेल्टसाठी ही स्प्रिंग रबराच्या थराच्या कातर-ताठरपणावरून घ्यावी, म्हणजे तिला केवळ गणिती सोय न राहता भौतिक अर्थ येतो.

कोडची परीक्षा

बेल्ट बाजूला ठेवून कोड तपासायचा असेल तर खान्देशात सर्वांना ठाऊक असलेले एक काम घ्यावे. विहिरीत पंप सोडताना दोर निंबाच्या खोडाला तीन वेढे देऊन सोडतात आणि दीडशे किलोचा पंप एक माणूस सहज धरून ठेवतो. ऑयलरच्या सूत्राप्रमाणे, ज्यात ताणांचे गुणोत्तर म्यू आणि वेढ्याच्या कोनाच्या गुणाकाराबरोबर घातांकी वाढते, म्यू ०.३ आणि तीन वेढ्यांसाठी गुणोत्तर सुमारे २८६ येते, म्हणजे पंप धरायला अर्ध्या किलोचा जोर पुरतो. घातांकी सूत्रामुळे छोट्या चुकाही इथे फुगतात, म्हणून ही परीक्षा कडक आहे. जो कोड प्रत्येक तुकड्याचा दाब केवळ सैल बाजूच्या ताणावरून काढतो, तो ३० अंशांचे तुकडे घेतल्यास २८६ ऐवजी १९१ सांगतो आणि ५ अंशांचे घेतल्यास २६६. दोन्ही बाजूंच्या ताणांची सरासरी घेतली की ही तफावत जवळपास नाहीशी होते.

व्ही-बेल्टबाबत थोडक्यात. ३८ अंशांच्या खाचेत घर्षण पाचरीमुळे वाढते आणि ०.३ चा परिणामी म्यू ०.३ भागिले १९ अंशांची साइन, म्हणजे ०.९२ होतो. काही प्रोग्राममध्ये खाचेचा कोन वेगळा विचारतात. तिथे कोन देऊन वर पुन्हा ०.९२ भरला की बेल्ट कधीच घसरत नाही. व्ही-बेल्ट ताणाप्रमाणे खाचेत कमी-अधिक रुततो आणि इथले रुतणे खरे असते, त्यामुळे ते काढून न टाकता मोजून घालावे.

मोजमापे, आणि शेवटी म्यू

ताठरपणाचा आकडा कॅटलॉगमध्ये नसला तर तो मिलमध्येच काढता येतो. बेल्टचा दोन मीटरचा तुकडा तुळईला टांगून खाली डाळीचा ५० किलोचा कट्टा बांधावा, जेणेकरून वाकडेपणा निघून जाईल. मग दुसरा कट्टा बांधून वाढलेली लांबी मोजावी. आपल्या उदाहरणातील बेल्ट सुमारे २४ ते २५ मि.मी. लांबेल. जळगावच्या मे महिन्यात शेडमध्ये रबर मऊ पडते, म्हणून मोजणी ज्या तापमानात ड्राइव्ह चालते त्याच तापमानात करावी.

त्यानंतर भार टप्प्याटप्प्याने वाढवून गुणोत्तरातील घट नोंदवावी. भार किलोवॉटमध्ये घ्यावा. अँपिअरवरून नको, कारण कमी भारावर मोटारीचा प्रवाह भाराच्या प्रमाणात राहत नाही. आलेख आधी सरळ रेषेत चढतो, हा क्रीप आहे आणि त्याचा उतार ताठरपणा सांगतो. जिथे रेषा एकाएकी वर वळते तिथे चिकटलेला कंस संपला आहे. म्यू केवळ या वळणावरून काढावा. सरळ भागात म्यूचा प्रभाव नसतोच, त्यामुळे तिथले आकडे जुळवण्यासाठी म्यू बदलणे निरर्थक आहे. बेल्टची आतली बाजू काचेसारखी चकचकीत झाली असेल किंवा जळक्या रबराचा वास येत असेल तर ड्राइव्ह वळणाच्या पलीकडे चालला आहे, हे आलेखाशिवायही कळते. डाळमिलमध्ये चुणीची भुकटी आणि जिनिंगमध्ये रुईचा बारीक कचरा बेल्टखाली जात असल्याने म्यू स्वच्छ बेल्टवर मोजून भागत नाही. हंगामाच्या मध्यावर, आहे त्या स्थितीतील बेल्टवर तो काढावा.

एवढे करूनही आज जुळलेले मॉडेल महिन्याभराने चुकू लागले, तर सुरुवातीचा ताण पाहावा. उदाहरणातील बेल्ट ७०० न्यूटनवर ४८ अंश राखून आहे. ताण ५०८ न्यूटनपर्यंत उतरला की राखीव कंस शून्य होतो. या दोन ताणांमधील फरक बेल्टच्या लांबीत ०.४८ टक्के आहे. बेल्टची लांबी सुमारे २.२ मीटर असल्याने तो १०.६ मि.मी. होतो, म्हणजे केंद्रांमधील अंतरात केवळ ५ मि.मी. नवा बेल्ट पहिल्या काही दिवसांत तेवढा वाढू शकतो, आणि मोटारीच्या स्लाइड रेलचा बोल्ट ढिला असेल तर एका पाळीतही तेवढी मोटार पुढे सरकते. म्हणून मॉडेलमध्ये ताण हा स्थिर आकडा म्हणून न भरता केंद्रांतील अंतर आणि बेल्टची मूळ लांबी भरावी आणि ताण त्यांतून निघू द्यावा. मिलमध्ये प्रत्येक मोजणीबरोबर रेलवरील मोटारीची जागा खडूने खूण करून मि.मी.मध्ये लिहून ठेवावी.